बारीक अक्षर कोरणारे हात

समाजाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे राजे, सरदार, विद्वान व दानशूर पुरुष ह्यांचीच नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात. ज्यांच्या हातांमुळे त्या विद्वानांचे शब्द घरोघर पोहोचले, त्या कारागिरांची आठवण क्वचितच होते. आपल्या ज्ञातीत हातोडी, छिन्नी व कानस ह्यांवर पोट भरणारी घराणी पुष्कळ होती व काही आजही आहेत. म्हणून ह्या स्मरणिकेसाठी एका बारीकशा पण महत्त्वाच्या विषयाची माहिती ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे. तो विषय म्हणजे लहान अक्षर कोरण्याच्या विद्येचा इतिहास.

अक्षर मोठे काढणे हे काम अवघड नाही. भिंतीवर हातभर उंचीचे अक्षर रंगविताना चूक झाली तर पुसून दुरुस्त करता येते. परंतु तेच अक्षर गव्हाच्या दाण्याएवढे करून धातूत कोरावयाचे म्हटले, की डोळा, हात व बुद्धी ह्या तिघांचीही परीक्षा होते.

लहान अक्षराचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. अक्षराची उंची व रुंदी दोन्ही निम्मी केली तर त्याच कागदावर चौपट मजकूर मावतो. म्हणजे चारशे पृष्ठांचा ग्रंथ शंभर पृष्ठांत बसतो. कागद, शाई, छपाई, बांधणी व टपालहशील ह्या सर्वांचा खर्च कमी होतो. पूर्वी श्रीमंताच्या दिवाणखान्यात असणारी पोथी गरिबाच्या कोनाड्यात आली, त्याला अनेक कारणे आहेत. पण अक्षर लहान झाले हे त्यांतील एक मोठे कारण होय.

ताम्रपट, मुद्रा व नाणी

धातूत अक्षर खोदण्याची कला आपल्या देशात फार जुनी आहे. शिलाहार, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव इत्यादी राजांचे दानलेख तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले असत. मजकूर रचणारा पंडित वेगळा व पत्र्यावर अक्षर खोदणारा कारागीर वेगळा असे. अनेक ताम्रपटांच्या शेवटी तो लेख कोणी कोरला त्याचे नावही दिलेले आढळते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे छापखान्यांच्या काळात हा मान कारागिराच्या वाट्यास फारसा आला नाही.

मुद्रा व नाणी ह्यांचे काम ताम्रपटाहून निराळे. ताम्रपटावर अक्षर सुलटे कोरावयाचे असते, पण मुद्रेवर व नाण्याच्या ठशावर ते उलटे कोरावे लागते. शिवछत्रपतींच्या अष्टकोनी मुद्रेवरील संस्कृत मजकूर पाहिला म्हणजे एवढ्याशा जागेत इतकी अक्षरे उलटी कोरून बसविणाऱ्या हाताचे कौतुक वाटते. शिवराई पैशावर 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' अशी अक्षरे असत. मात्र बहुतेक शिवरायांवर ही अक्षरे पुरती दिसत नाहीत, कारण ठसा मोठा व तांब्याची चकती लहान असे.

सहाशे साच्यांची अडचण

युरोपात पंधराव्या शतकाच्या मध्यास योहान गुटेनबर्ग ह्याने सुट्या खिळ्यांनी छापण्याची कला सिद्ध केली. हिंदुस्थानात पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यास आला. मात्र त्यानंतर अडीचशे वर्षे मराठी ग्रंथ नागरी लिपीत छापला गेला नाही. फादर टॉमस स्टीफन्स ह्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, पण लिपी मात्र रोमन. ह्याचे कारण स्टीफन्सने स्वतःच १६०८ सालच्या एका पत्रात दिले आहे. देशी लिपीत पुस्तके छापावीत अशी त्याची फार वर्षांची इच्छा होती. परंतु युरोपीय लिपीस जेथे चोवीस साचे पुरतात, तेथे ह्या लिपीस सुमारे सहाशे साचे करावे लागतील, ही त्याची अडचण होती. बाराखडी व जोडाक्षरे मोजून पाहणाऱ्यास ही संख्या अतिशयोक्तीची वाटणार नाही.

सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख ह्यांनीही सतराव्या शतकात प्रयत्न केला. त्यांच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये एक मुद्रक विलायतेहून पाठविला. त्यास छापता येत होते, पण देशी अक्षरे घडविण्याची विद्या त्याजपाशी नव्हती. यंत्र आले, कागद होता, पैसा होता. अक्षर कोरणारा हात मिळाला नाही म्हणून सारे अडले.

पुण्यात नाना फडणविसांनी दुसरा मार्ग धरला होता. इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट ह्याच्या सहवासातून युरोपीय कारागिरी पुण्यास परिचित झाली होती. तांब्याच्या पत्र्यावर भगवद्गीता कोरून छापावी असे नानांच्या मनात आले व एका तांबटाकडून ते काम सुरू करविले. १८०० मध्ये नानांचा अंत झाला. पुढे तो कारागीर मिरजेस गेला व तेथील गंगाधरराव पटवर्धन ह्यांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता छापून पूर्ण झाली. ह्या पद्धतीत सबंध पान एकाच पत्र्यावर उलटे कोरावे लागे. शेवटच्या ओळीत हात घसरला तर सारे पान धोक्यात येई. शिवाय एका ग्रंथाचे पत्रे दुसऱ्या ग्रंथास निरुपयोगी. सुटा खिळा मात्र आज गीतेत, उद्या पंचांगात व परवा लग्नपत्रिकेत बसतो. म्हणून अखेर खिळ्यांचाच मार्ग टिकला.

पंच कसा कोरीत

खिळा ओतण्यापूर्वी पोलादाचा पंच करावा लागतो. ही कृती आज बहुतेकांस ठाऊक नसल्यामुळे थोडी विस्ताराने सांगतो. पोलादाची बोटभर लांबीची कांडी तापवून हळूहळू निवू देत, म्हणजे ती मऊ होई. तिचे टोक घासून अगदी सपाट करीत व त्यावर उलटे अक्षर आखीत. मग अक्षराच्या पोटातील पोकळी आधी काढीत. म्हणजे 'व' चे वाटोळे पोट किंवा 'म' मधील मोकळी जागा. ती कोरणीने खोदीत, किंवा त्या पोकळीच्या आकाराचा दुसरा ठसा करून ठोकीत. त्यानंतर बाहेरची बाजू कानशीने घासून अक्षर मोकळे करीत.

अक्षर बरोबर उतरले की नाही हे पाहण्याची युक्ती मोठी साधी होती. पंचाचे टोक दिव्याच्या ज्योतीवर धरून त्यास काजळी लावीत व ते कागदावर दाबीत. काजळीचा तो सुबक काळा ठसा भिंगाखाली पाहून पुन्हा किंचित घासीत, पुन्हा काजळी धरीत. मन भरले म्हणजे पंच लाल तापवून पाण्यात बुडवीत. ह्यासच पोलादाला पाणी देणे म्हणतात. मग तो कठीण झालेला पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा, म्हणजे मातृका करीत. आणि मातृकेत शिसे, अँटिमनी व कथील ह्यांचा रस ओतून खिळे काढीत. पंच एक, पण त्यापासून खिळे हजारो. त्यामुळे पंचातील चूकही हजारो वेळा छापली जाई.

आता लहानपणाचा विचार करू. छापखान्याच्या मापात एक इंचाचे सुमारे ७२ पॉइंट होतात. पायका टाइप १२ पॉइंटांचा, म्हणजे सव्वाचार मिलिमीटरांचा. ब्रेव्हिअर ८ पॉइंटांचा. आणि नॉनपरेल ६ पॉइंटांचा, म्हणजे दोन मिलिमीटरांहून किंचित अधिक. रोमन अक्षरास ही जागा पुरते. आपल्या लिपीस मात्र तेवढ्याच जागेत वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, खाली उकार ही सर्व मंडळी बसवावी लागतात. मूळ अक्षराच्या वाट्यास जवळपास निम्मी उंची उरते. म्हणजे नॉनपरेलमधील 'क' जेमतेम एक मिलिमीटर उंच! त्यात शिरोरेषा, दंड, गाठ व दोन पोकळ्या.

मोठे अक्षर नुसते आकुंचित केले म्हणजे लहान अक्षर तयार होते, हा समज चुकीचा आहे. तसे केल्यास पोकळ्या शाईने बुजतात. 'ष' चा 'प' दिसतो, 'घ' व 'ध' ह्यांतील भेद नाहीसा होतो, 'भ' चा 'म' होतो. म्हणून कसबी कारागीर लहान अक्षराचे पोट प्रमाणापेक्षा मोठे ठेवी, बारीक रेघा किंचित जाड करी व जेथे दोन रेघा मिळतात तेथे थोडी जास्त धातू काढून टाकी. लहान अक्षर ही मोठ्याची नक्कल नव्हे. ते नव्याने रचावे लागते.

पंचानन ते निर्णयसागर

१७७८ मध्ये हुगळी येथे हालहेडचे बंगाली व्याकरण छापले गेले. त्याचे बंगाली टाइप चार्ल्स विल्किन्स ह्याने तयार केले व त्या कामी पंचानन कर्मकार हा लोहारकाम करणाऱ्या घराण्यातील बंगाली कारागीर त्याचा साहाय्यक होता. विल्किन्सने पुढे विलायतेत देवनागरीचे पंच स्वतः कोरले. १७९६ मध्ये घरास आग लागून त्याच्या साहित्याची हानी झाली, तरी चिकाटी न सोडता त्याने १८०८ मध्ये आपले संस्कृत व्याकरण प्रसिद्ध केले. पंचानन श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडे गेला व तेथे त्याने नागरीचे पंच कोरले. आपली विद्या त्याने जावई मनोहर ह्यास शिकविली व मनोहरने ती सासऱ्याच्या पश्चात अनेक वर्षे चालविली. डॉ. विल्यम कॅरे ह्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपुरास नागरी अक्षरांत छापले गेले, व १८१० मध्ये त्याचा मराठी कोश मोडी अक्षरांत निघाला. मराठीची आरंभीची छापील अक्षरे अशा प्रकारे बंगाली लोहाराच्या घरातून आली, हे आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे.

मुंबईत पारशी बांधवांनी गुजराती टाइपांचे काम अठराव्या शतकाच्या अखेरीसच केले होते. मराठीसाठी अमेरिकन मिशनचा छापखाना महत्त्वाचा ठरला. तेथे १८१७ मध्ये पहिले मराठी पुस्तक निघाले. ह्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम ह्याने पूर्वीच्या बोजड टाइपांपेक्षा लहान व सुबक मराठी टाइप घडविले. ह्या छापखान्याशी परिचय झालेल्या गणपत कृष्णाजी ह्या भंडारी ज्ञातीतील उद्योगी गृहस्थांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले व पुढे स्वतःचे टाइपही पाडले. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीस न शिवणारे लोक त्या वेळी होते. गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई केली व तो आक्षेपही दूर केला.

जावजी दादाजी ह्यांचा जन्म १८३९ मध्ये एका गरीब कुटुंबात झाला. लहान वयातच त्यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याचे काम धरले. जे पोर दिवसभर खिळ्यांच्या कडा घासीत बसे, त्यास खिळ्याचा गुणदोष बोटांनीच कळू लागला. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या सोबतीस राणोजी रावजी आरू हे असामान्य पंच कोरणारे होते. जावजींची दृष्टी व राणोजींचा हात ह्यांच्या योगाने कोलभाट गल्लीतील त्या छापखान्याचे नाव देशभर झाले. १८८६ पासून निघालेल्या 'काव्यमाला' ह्या मालेने दुर्मीळ संस्कृत ग्रंथ स्वच्छ छपाईत व बेताच्या किमतीत दिले. मूळ श्लोक मोठ्या अक्षरात, टीका त्याहून लहान अक्षरात व पाठभेद तळाशी आणखी लहान अक्षरात, अशी रचना जुन्या पुस्तकांत पाहावयास मिळते. लहान टाइप इतका स्पष्ट नसता तर मूळ, टीका व पाठभेद एकाच पृष्ठावर आणणे शक्यच नव्हते. जावजी १८९२ मध्ये वारले. पण निर्णयसागरी अक्षर पुढे कित्येक दशके नागरी छपाईचा आदर्श म्हणून राहिले.

जावजींचे नाव आज पुष्कळांस ठाऊक आहे, राणोजींचे थोड्यांस. त्यांच्या हाताखाली कानस चालविणारे, मातृका सरळ करणारे व खिळे ओतणारे जे इतर होते, त्यांची नावे आपणांपैकी कोणासही सांगता यावयाची नाहीत. ताम्रपटाच्या शेवटी खोदणाऱ्याचे नाव येत असे. पुस्तकावर लेखक, प्रकाशक व मुद्रक ह्यांची नावे आली, पण अक्षर कोरणाऱ्यास जागा उरली नाही.

यंत्र आले, कसोटी राहिली

१८८५ मध्ये लिन बॉइड बेंटन ह्या अमेरिकन गृहस्थाने पंच कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. मोठ्या आकृतीवरून सुई फिरविली म्हणजे दुसऱ्या टोकाची कोरणी तीच आकृती लहान प्रमाणात कोरी. हाताने पंच कोरण्याचा धंदा त्यानंतर हळूहळू मागे पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावर अक्षरजुळणी होऊ लागली व शिशाचे खिळेही गेले. कित्येक छापखान्यांतील टाइप भंगाराच्या भावाने, किलोवर विकले गेले.

पण अक्षर कापण्याची विद्या संपली असे मात्र नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील गर्बर कंपनीने संगणकाच्या आज्ञेवरून चिकट विनाईलमधून अक्षरे कापणारी यंत्रे बाजारात आणली. आज आपल्या तालुक्याच्या गावीही अशी यंत्रे आहेत. वाहनांवरील नावे, दुकानांच्या काचा, सन्मानचिन्हे व दारावरील पाट्या त्यांवर होतात. बाजारात ह्यास सरसकट 'रेडियमचे काम' म्हणतात, जरी त्यात रेडियम मुळीच नसते! आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण आज ह्याच धंद्यात आहेत.

हे काम म्हणजे बटण दाबणे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी सहा मिलिमीटर उंचीचे एक मराठी वाक्य कापून पाहावे. यंत्रातील पाते सुईसारखे बारीक असून त्याचे टोक मध्यापासून किंचित बाजूस, साधारण पाव मिलिमीटर असते. त्यामुळे ते वळणावर मागून ओढले जाते. हे अंतर यंत्रास बरोबर सांगितले नाही तर मोठ्या अक्षरात चूक दिसत नाही, पण लहान अक्षराचे कोपरे गोल होतात व रेघेची दोन टोके जुळत नाहीत. पात्याचा दाब अधिक झाला तर खालचा कागदही चिरतो; कमी झाला तर विनाईल सुटत नाही. बारीक कामास पाते नवे व अधिक तिरप्या धारेचे, विनाईल पातळ, वेग मंद व आधी एक नमुना कापून पाहणे, एवढी पथ्ये पाळावी लागतात. काजळीचा ठसा घेऊन पाहणाऱ्या जुन्या कारागिराची सावधगिरी ती हीच.

आपल्या लिपीचे वेगळेपण येथेही आड येते. संगणकातील नागरी अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. पडद्यावर ते दिसत नाही. पण पाते प्रत्येक अक्षराची कड इमानाने कापते व शिरोरेषेचे तुकडे पडतात. म्हणून कापण्यापूर्वी सर्व अक्षरे एकजीव करून घ्यावी लागतात. तसे केले म्हणजे मात्र हीच शिरोरेषा उपकारक ठरते. भोवतालचे नको असलेले विनाईल चिमट्याने सोलताना रोमन अक्षरे एकेक करून उचलली जातात. नागरी शब्द शिरोरेषेच्या आधाराने एकसंध राहून जागीच चिकटून बसतो. ज्यास आधार नाही तो बिचारा अनुस्वार! चिमट्याबरोबर तो केव्हा उडून गेला हे कळतही नाही. एका समारंभात पाहिलेल्या सन्मानपटावर 'वंदन' ह्या शब्दाचे 'वदन' झालेले होते. शिशाच्या काळीही खिळ्याबाहेर आलेले मात्रेचे किंवा अनुस्वाराचे टोक यंत्राच्या दाबाने मोडत असे व जुन्या पुस्तकांत तो टिंब नसलेला दिसतो. साधने बदलली, पण कच्ची जागा तीच राहिली.

ज्यास लिपीचे ज्ञान आहे तोच हा दोष कापण्यापूर्वी ओळखतो. म्हणून लहान मापात अनुस्वार थोडा मोठा करावा, अक्षरांची पोटे मोकळी करावी, नाजूक वळणांचा टाइप सोडून भरीव रेघांचा निवडावा, हे यंत्र सांगत नाही. माणसास ठरवावे लागते. राणोजींनी पोलादात जो विचार केला तोच आज विनाईलमध्ये करावा लागतो. प्रस्तुत लेखकाने सारे आयुष्य मुलांकडून अक्षरे गिरवून घेण्यात घालविले, त्यामुळे हा विचार करणाऱ्या तरुणाबद्दल त्यास विशेष आदर वाटतो.

म्हणूनच एक गोष्ट खेदाने लिहावी लागते. विवाह जुळविताना मुलगा 'रेडियमचे काम करतो' असे समजले की पुष्कळ वधूपक्ष पुढे बोलत नाहीत, आणि कार्यालयात लेखणी सरकविणाऱ्यास मात्र पसंत करतात. ज्या ज्ञातीचे पूर्वज हातच्या कसबावर जगले, तिने कसबाची किंमत अशी करावी हे उचित नव्हे. धंदा प्रामाणिक आहे की नाही, त्यात ज्ञान लागते की नाही व पोट भरते की नाही, एवढेच पाहावे. धंद्यातील तरुणांनीही आपली बाजू सांभाळली पाहिजे. शुद्धलेखन पक्के करावे, जोडाक्षरांचा अभ्यास करावा व अशुद्ध मजकूर गिऱ्हाइकाने आणला तरी तो तसाच कापून देऊ नये.

शेवटी वाचकांस एक विनंती आहे. ज्यांच्या घरी वडिलांनी किंवा आजोबांनी पंच, शिक्के, मुद्रा, भांड्यांवरील नावे किंवा दगडी पाट्या कोरण्याचे काम केले असेल, त्यांनी त्यांचे नाव, गाव, धंद्याचा काळ व ते काम कोणाकडून शिकले, एवढी माहिती लिहून काढावी. जुन्या कोरण्या, पंच, मातृका माळ्यावर पडल्या असतील तर त्या भंगारात घालू नयेत. कोणते हत्यार कशास वापरीत हे सांगणारी वडील माणसे आहेत तोवर त्यांस विचारून ठेवावे. अशी माहिती ज्ञातीच्या कार्यालयाकडे आली तर पुढील स्मरणिकेत त्या कारागिरांची यादी छापता येईल. ताम्रपटाच्या शेवटी जो मान मिळत असे, तो ह्या पानांवर तरी त्यांस मिळावा.